पाणचक्की : मराठवाड्यातील एका जलयंत्राचा इतिहास आणि त्याचे जतन

प्रस्तावना :

मराठी भाषेत ‘गिरणी’ हा शब्द उच्चारला की मुंबई-सोलापूरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर कापडाची गिरणी उभी राहते, तर मराठवाड्यातील खेड्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पिठाची. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास, १९८२ चा संप आणि त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींचे झालेले व्यवहार यांवर मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. पिठाच्या गिरणीला मात्र इतिहास असू शकतो, याची दखल अभ्यासकांनी फारशी घेतलेली नाही. वास्तविक मराठवाड्यात जतन झालेली आणि पाहण्यासाठी लोक मुद्दाम जातात अशी सर्वांत जुनी गिरणी ही पिठाचीच आहे. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहरात खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात असलेली ‘पाणचक्की’ ही ती गिरणी होय.

अजिंठा, वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा पाहून उरलेल्या अर्ध्या तासात पाणचक्की पाहण्याची पर्यटकांची रीत आहे. हौद, त्यातील मासे, भिंतीवरून पडणारे पाणी आणि एका लहानशा खोलीत फिरणारे दगडी जाते एवढे पाहून पर्यटक परततो. राजे, लढाया आणि देवालये यांच्या मानाने ही वास्तू लहान आहे, हे खरे. परंतु दख्खनच्या सामान्य जीवनातील एका अत्यंत मूलभूत प्रश्नाशी, म्हणजे धान्याचे पीठ कोणी आणि कशाच्या बळावर करायचे या प्रश्नाशी, तिचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात पाणचक्कीचा काळ, तिची यंत्ररचना, तिची सामाजिक मर्यादा आणि तिच्या जतनाचे स्वरूप यांचा विचार केला आहे. तुलनेसाठी धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग येथील जलवास्तूचा आधार घेतला आहे.

खडकी ते औरंगाबाद : पाण्याची परंपरा

पाणचक्की एकाएकी निर्माण झालेली नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास खडकी येथे नगर वसविले, तेव्हा त्या नगरापुढील पहिला प्रश्न पाण्याचा होता. खाम नदी बारमाही नाही. मलिक अंबराने डोंगरपायथ्याच्या भूमिगत पाण्याचा मागोवा घेऊन ते नहरीने शहरात आणले. ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने ओळखली जाणारी ही योजना उताराच्या काटेकोर गणितावर उभी होती. त्याच काळात, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपूर येथे अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत भूमिगत पाण्याची तशीच योजना आकारास आली. बीदरची कारेझ ही याच कुळातील. दख्खनच्या कातळात पाणी शोधण्याची आणि ते गुरुत्वाकर्षणाने दूर वाहून नेण्याची विद्या येथे इराणी व मध्य आशियाई कारागिरांच्या संपर्काने रुजली आणि स्थानिक पाथरवट, गवंडी व कुंभार यांच्या हातांनी वाढली. खापरी नळ घडविणारा कुंभार हा या इतिहासाचा अनामिक नायक आहे. बादशाही कागदपत्रांत त्याचे नाव शोधण्यात अर्थ नाही.

१६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि या शहराला त्याचे नाव मिळाले. पुढे बादशहा म्हणून तो दख्खनमध्ये आला, तेव्हा त्याच्या सैन्याबरोबर तुराणी, म्हणजे बुखारा-समरकंद परिसरातील, सरदार व शिपाई मोठ्या संख्येने आले. त्यांच्यामागोमाग त्यांचे पीरही आले. नक्शबंदी परंपरेतील बाबा पलंगपोश हे गाजीउद्दीन खान फिरोजजंग याच्या सैन्याबरोबर फिरत असत, तर त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर यांनी औरंगाबाद येथे तकिया स्थापन करून तेथेच वास्तव्य केले. पलंगपोश १६९९ मध्ये व शाह मुसाफिर १७१४ मध्ये निवर्तले. दोघांच्याही कबरी या आवारात आहेत. शाह मुसाफिरांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी या दोघांच्या आठवणी ‘मलफूजात-ए-नक्शबंदिया’ या फारसी ग्रंथात संकलित केल्या. सायमन डिग्बी यांनी २००१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. औरंगजेबकालीन दख्खनमधील छावणीजीवन, शिपायांच्या अडचणी आणि फकिरांचे परस्परसंबंध यांवर या ग्रंथाइतका जिवंत प्रकाश टाकणारी साधने थोडी आहेत.

पाणचक्कीचा काळ :

पाणचक्की केव्हा बांधली गेली, याविषयी दोन परंपरा आढळतात. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरने आणि त्यावरून पुढील बहुतेक लेखकांनी १६९५ हे वर्ष दिले आहे. निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या पदरचा सरदार तुर्कताज खान याने ती बांधली आणि सुमारे वीस वर्षांनी जमील बेग खान याने मशिदीपुढील हौद व कारंजी यांची भर घातली, असे ही परंपरा सांगते. दुसऱ्या परंपरेनुसार तुर्कताज खानाने हे काम १७४४ मध्ये पूर्ण केले.

पहिल्या परंपरेत एक अंतर्गत विसंगती आहे. मीर कमरुद्दीन खान यास ‘निजाम-उल-मुल्क’ हा किताब १७१३ मध्ये मिळाला आणि त्याच वर्षी तो प्रथम दख्खनचा सुभेदार झाला. १६९५ मध्ये तो चोवीस वर्षांचा होता व औरंगजेबाच्या सैन्यात त्याची कारकीर्द घडत होती. दख्खनमध्ये त्याचा स्वतंत्र अंमल १७२४ च्या शकरखेड्याच्या लढाईनंतर सुरू झाला. निजामाच्या पदरच्या सरदाराने १६९५ मध्ये औरंगाबादेत एवढे बांधकाम केले, हे त्यामुळे स्वीकारणे अवघड जाते. तकियाची स्थापना व प्रारंभीची पाण्याची सोय सतराव्या शतकाच्या अखेरीची आणि चक्कीसह पूर्ण झालेली जलव्यवस्था शाह महमूद यांच्या काळातील, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, असे मानले तर दोन्ही परंपरांचा मेळ बसू शकतो. फारसी व अरबीचे विख्यात विद्वान गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४–१७८६) यांनी या तकियात काही वर्षे वास्तव्य केले होते. तकिया विद्वान, विद्यार्थी आणि प्रवासी यांनी गजबजलेला असण्याचा काळही हाच आहे. जेवणारी तोंडे वाढली, तेव्हा पिठाची गरज वाढली, हा क्रम स्वाभाविक वाटतो.

यंत्ररचना :

पाणचक्कीचे पाणी शहराबाहेरील डोंगराळ भागातून, कित्येक किलोमीटर अंतरावरून, आणलेले आहे. हर्सूलच्या बाजूच्या उगमविहिरीतील पाणी खापरी नळांतून आवारापर्यंत येते. येथे ते दगडी बांधकामातून वर चढते आणि उंच भिंतीवरून पडद्यासारखे हौदात कोसळते. ‘पाणी वर कसे चढते?’ हा प्रश्न येथे येणारे शाळकरी विद्यार्थी हटकून विचारतात, आणि तो योग्यच आहे. उगम भिंतीच्या माथ्याहून उंचावर आहे. बंद नळातील पाणी आपली पातळी गाठू पाहते, एवढेच त्याचे रहस्य. अवघड भाग निराळा आहे. नळ सर्वत्र हवाबंद राहिला पाहिजे, मध्येच कोंडलेली हवा बाहेर पडण्याची सोय हवी आणि गाळ साचता कामा नये. म्हणून अशा नहरींच्या मार्गावर ठिकठिकाणी दगडी उच्छ्वास बांधीत असत. वर्षानुवर्षे गाळ काढणारी माणसे नसतील, तर ही सर्व करामत दोन-चार पावसाळ्यांत निकामी होते.

चक्कीची रचना साधी आहे. वरून येणारे पाणी जमिनीला समांतर असलेल्या, पाती बसविलेल्या चाकावर पडते. चाकाच्या मध्यातून निघालेला उभा आस खालच्या स्थिर दगडाच्या मुखातून वर जातो आणि वरच्या दगडाला धरून फिरवितो. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचाही एक फेरा. मध्ये दातेरी चाके नाहीत. युरोपात प्रामुख्याने वापरात आलेल्या उभ्या चाकाच्या गिरण्यांहून ही पद्धत वेगळी आहे. हिमालयातील ‘घराट’ आणि मध्य आशियातील पाणचक्क्या याच आडव्या चाकाच्या आहेत. बुखाऱ्याकडून आलेल्या मंडळींना हे यंत्र अपरिचित नव्हते. गावाकडच्या ओढ्यावरची साधी चक्की त्यांनी दख्खनच्या नहरीवर बसविली, असे म्हणता येईल. त्यामुळे पाणचक्कीला ‘अद्भुत शोध’ म्हणण्याची प्रथा योग्य नाही. तिचे मोल शोधात नसून जुळणीत आहे : ज्या प्रदेशात नद्या वर्षातील बहुतेक काळ कोरड्या असतात, तेथे जमिनीखालून आणलेल्या पाण्यावर पीठ दळण्याची सोय करणे.

तिचे बळ किती असावे? समजा, दर सेकंदाला वीस लिटर पाणी पाच मीटर उंचीवरून पडत आहे. त्यापासून मिळणारी शक्ती सुमारे हजार वॅट होते. अशा साध्या चाकात तिचा एक तृतीयांश भाग जरी उपयोगी पडला, तरी चार-पाच माणसांच्या सततच्या श्रमाइतके काम होते. हा केवळ अंदाज आहे, परंतु त्यावरून प्रमाण कळते. पाणचक्की कारखाना नव्हती. फकीर, विद्यार्थी, वाटसरू आणि दाराशी येणारे गरीब यांच्या भाकरीपुरते पीठ ती देत होती. ती मोगल सैन्यासाठी दळत होती, हे विधान काही वेळा केले जाते. चालत्या सैन्याला धान्य पुरविण्याचे काम बंजाऱ्यांचे तांडे करीत आणि ते धान्य छावणीत हातजात्यांवरच दळले जाई. एका खानकाहच्या चक्कीवर सैन्य पोसले जाणे संभवत नाही. मात्र चार-पाच माणसांचे बळ रात्रंदिवस, न थकता आणि मजुरीवाचून उपलब्ध होणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पाणचक्की आणि घरचे जाते :

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. एवढे उपयुक्त यंत्र डोळ्यांसमोर फिरत असताना ते मराठवाड्यात इतरत्र का पसरले नाही? सुमारे दोन शतके हे चाक फिरत राहिले, पण भोवतालच्या खेड्यांतील प्रत्येक घरात पहाटेचे जाते चालूच होते.

याचे पहिले कारण भौगोलिक आहे. ओढ्याकाठी सहज बसविता येईल अशी चक्की चालण्यास बारमाही पाणी लागते, ते येथे नाही. नहर खोदणे राजा, सरदार किंवा संपन्न धर्मसंस्था यांनाच परवडणारे होते. हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. दुसरे कारण सामाजिक आहे आणि तेच अधिक वजनदार आहे. दळण हे बायकांचे काम होते आणि त्याला मोल नव्हते. ज्या श्रमाला कोणी दाम देत नाही, तो वाचविण्यासाठी कोणी दाम खर्चही करीत नाही. तकियात दळणारी गृहिणी नव्हती. तेथे शेकडो पुरुष जेवत होते. म्हणून तेथे यंत्र आले. जेथे घर होते, तेथे खुंटा होता आणि खुंट्याला धरणारा हात होता.

युरोपचा इतिहास येथे उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये १०८६ च्या ‘डूम्सडे’ पाहणीत सुमारे ६,००० गिरण्यांची नोंद झाली होती. जमीनदाराच्या गिरणीतच दळण आणण्याची सक्ती तेथे कुळांवर असे. सेंट ऑल्बन्स येथील मठाच्या प्रमुखाने चौदाव्या शतकात लोकांची हातजाती जप्त करून त्यांची फरशी आपल्या दालनात बसविली आणि १३८१ च्या उठावात लोकांनी ती फरशी उखडून तुकडे वाटून घेतले. तेथे जाते हे स्वातंत्र्याचे प्रतीक ठरले. मराठवाड्यात जाते कोणी हिरावून घेतले नाही, याचा अभिमान बाळगावा असेही काही नाही. ते हिरावण्याची गरज कोणास वाटली नाही, इतकेच.

जात्याभोवती ओवी जन्मली, हे मराठी संस्कृतीचे मोठे धन आहे. मराठवाड्यातील गंगाखेडच्या जनाबाईंबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागल्याची कथा घरोघर माहीत आहे. पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे जनाबाईंचे म्हणून जाते दाखविले जाते आणि वारकरी ते भक्तिभावाने पाहतात. त्या कथेत दळणाचा भार वाटून घेण्यासाठी देवालाच यावे लागते, ही बाब विचार करण्यासारखी आहे. गोपाळपूरचे जाते आणि औरंगाबादची पाणचक्की ही दोन्ही जतन केलेली, दर्शनाला लोक जातात अशी दळणयंत्रे आहेत. एका ठिकाणी देव हात लावतो, दुसऱ्या ठिकाणी पाणी. मराठवाड्यातील स्त्रीच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. तिची सुटका विसाव्या शतकात, आधी तेलाच्या इंजिनावर व नंतर विजेवर चालणाऱ्या गिरणीने केली. त्या गिरण्यांपैकी एकही आज कोणी ‘वारसा’ म्हणून जपलेली नाही.

नळदुर्ग : पाण्याचे दुसरे रूप

पाणचक्कीचे वेगळेपण नळदुर्गशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. धाराशिव जिल्ह्यातील या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, दगडी धरण बांधण्यात आले. मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणारा हा बांध आहे आणि त्याच्याच पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात धरण भरले की ‘नर’ आणि ‘मादी’ या नावांनी ओळखले जाणारे दोन प्रपात बांधावरून कोसळतात, आणि महालाच्या सज्जात बसलेल्या माणसाला ते आतून दिसतात, पण अंगावर थेंब येत नाही. १८५३ नंतर काही वर्षे येथे कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर यांनीही आपल्या आत्मचरित्रात नळदुर्गविषयी आत्मीयतेने लिहिले आहे.

नळदुर्ग आणि पाणचक्की यांची स्थापत्यविद्या एकाच जातीची आहे : दगड, चुना, उतार आणि दाब यांचे अचूक ज्ञान. परंतु हेतू भिन्न आहेत. नळदुर्गचे पाणी शत्रूला अडविते आणि सुलतानाला रिझविते. पाणचक्कीचे पाणी हौदात थंडावा देते, वजूला उपयोगी पडते आणि जाताजाता पीठही दळते. आजचा पर्यटक मात्र दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे पडणारे पाणी. नळदुर्गला तो योग्य तेच पाहतो; पाणी पाहण्यासाठीच तो महाल बांधला होता. पाणचक्कीत मात्र त्याचे लक्ष हौदावर खिळते आणि ज्या खोलीवरून या वास्तूला नाव पडले, तिच्यासमोर तो मिनिटभरही थांबत नाही.

जतनाचा प्रश्न :

ही वास्तू वक्फच्या अखत्यारीत आहे. मशीद व दर्गा यांमुळे आवारात नित्य वर्दळ असते आणि त्यामुळेच चक्कीही टिकून राहिली. औद्योगिक वारशाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. केवळ यंत्र म्हणून कोणी ती जपली नसती. मराठवाड्यातील इतर यंत्रांचे काय झाले, हे पाहिले म्हणजे याची खात्री पटते. १८९७ मध्ये सुरू झालेली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचलेली बार्शी लाईट रेल्वे धाराशिव भागातील शेतमालाला बाहेरच्या बाजाराशी जोडणारा पहिला लोहमार्ग होती. २००७–०८ च्या सुमारास तिचे रुंदीकरण पूर्ण झाले आणि अरुंद रूळ निघाले. रुंदीकरण आवश्यकच होते. पण जिल्ह्यात त्या गाडीची आठवण आता वृद्धांच्या बोलण्यातच अधिक उरली आहे. बैलाचे तेलघाणे आणि जिनिंगच्या जुन्या यंत्रांची गतही फारशी निराळी नाही.

पाणचक्कीचे चाक पाणी असेल तेव्हा फिरते. दगडही फिरतो, परंतु त्यात आता दर्शकांच्या दृष्टीने दळण्यासारखे काही नसते. दोन दगड धान्यावाचून फिरत राहिले तर एकमेकांना झिजवितात, हे जात्यावर बसलेली कोणतीही म्हातारी सांगेल. जात्याला ठरावीक काळाने टाकी लावावी लागते. टाकी लावणारे पाथरवट आता सहज मिळत नाहीत. जतनाचा खरा प्रश्न यात आहे. वास्तूला रंग देता येतो, हौद स्वच्छ करता येतो, तिकीटखिडकी बसविता येते. नहर मात्र शहराबाहेर आहे, जमिनीखाली आहे आणि ती दिसत नाही. शहर वाढले तशी तिच्या मार्गावर वस्ती व बांधकामे वाढली. विंधनविहिरींनी भूजलाची पातळी खाली नेली. दुष्काळी वर्षांत भिंतीवरचा पडदा क्षीण होतो. नहर बंद पडून मोटारीच्या पंपाने हौद भरला, तरी पर्यटकाच्या छायाचित्रात फरक पडणार नाही. परंतु ज्या गुणामुळे ही वास्तू इतिहासात महत्त्वाची ठरली, तो गुण त्या दिवशी संपलेला असेल.

म्हणून पाणचक्कीची हद्द आवाराच्या भिंतीपाशी संपते, हे गृहीतकच बदलणे आवश्यक आहे. उगमाची विहीर, खापरी नळ, मार्गावरचे उच्छ्वास, हौद, चाक आणि दगड ही एकच वस्तू आहे. नहरीचा मार्ग नकाशावर आखून त्याला बांधकामापासून संरक्षण देणे हे यंत्राच्या दुरुस्तीइतकेच, किंबहुना त्याहून निकडीचे काम आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांना हे सर्वेक्षण विद्यार्थ्यांकडून करून घेता येण्याजोगे आहे. पाणचक्कीच्या खोलीशेजारी एक साधे हातजाते आणि मूठभर ज्वारी ठेवली, तर पाहणाऱ्याला दोन्हींतील अंतर स्वतःच्या दंडात समजेल. वर्षातून निदान काही दिवस चक्कीवर प्रत्यक्ष धान्य दळून दाखविणेही अशक्य नाही. इंग्लंडमध्ये अनेक जुन्या गिरण्या अशा दळणाच्या दिवसांवरच जगल्या आहेत. येथे तर ज्या मोकळ्या हौदाकाठी पर्यटक बसतात, त्याखालीच प्रशस्त दालन आहे; हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. डोक्यावर पाणी असल्याने उन्हाळ्यातही ते थंड राहते. धान्य, पीठ आणि टाकी लावण्याची हत्यारे मांडण्यास याहून योग्य जागा नव्याने बांधूनही मिळणार नाही.